मात्रेच्या आधी, मात्रेवर, मात्रेनंतर: स्वर नेमका कुठे पडतो?

तबल्यावर तिलवाडा तालाचा ठेका संथपणे चालू आहे. दोन गायक एकामागून एक तीच बंदिश, त्याच लयीत आणि जवळजवळ त्याच स्वरांत गातात, आणि तरीही पहिल्याचे गाणे हिशेबाने बरोबर पण ताठ वाटते, तर दुसऱ्याचे ऐकताना मान आपोआप हलू लागते. दोघेही सुरात आहेत आणि दोघेही समेवर येतात. फरक आहे तो प्रत्येक स्वर मात्रेच्या कोणत्या जागी पडतो यात. ‘लयीत गाणे’ म्हणजे प्रत्येक स्वर तबल्याच्या ठोक्यावर नेमका बसवणे, अशी समजूत शिकणाऱ्यांमध्ये फार दिसते. प्रत्यक्षात मुरलेला गवई ठोक्यावर नेमके ठेवतो ते स्वर मोजकेच असतात आणि बाकीचे तो मात्रेच्या अलीकडे-पलीकडे अशा जागी ठेवतो, जिथे ते त्या ओळीला शोभतात. या जागा कशा ठरतात आणि कानाला त्या कशा कळतात, हे ग्वाल्हेरच्या गायकीच्या आधाराने समजून घेणे सोपे जाते, कारण या गायकीची मांडणीच अशी आहे की स्वर हलला तर तो हललेला ऐकू येतो.

आधी पाया स्पष्ट करू. मात्रा हे लय मोजण्याचे एकक आहे. ठरावीक मात्रांचे एक आवर्तन होते, त्याची पहिली मात्रा म्हणजे सम, आणि तबल्यावर हे आवर्तन ज्या ठरलेल्या बोलांनी वाजते तो ठेका. ग्वाल्हेरच्या बड्या ख्यालात पुष्कळदा येणारा तिलवाडा 16 मात्रांचा आहे: धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं. नवव्या मात्रेला, म्हणजे ‘ता’वर, खाली (टाळी न देण्याची जागा) येते, तिच्या आसपास डग्ग्याची घुमार थांबलेली असते आणि आवर्तन अर्धे झाल्याचे न मोजताही समजते. ठेका श्रोत्याला असा सतत ठावठिकाणा देत राहतो म्हणूनच गायकाला मात्रेपासून दूर जाण्याची मोकळीक मिळते. ठेका नसताना आलापातला एखादा स्वर उशिरा आला असे म्हणताच येत नाही, कारण उशीर मोजायचा तो कशावरून?

मात्रेपासूनचे हे अंतर तीन पातळ्यांवर असते. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली तर एक मात्रा 1 सेकंदाची, म्हणजे 1000 मिलिसेकंदांची होते. अर्धी मात्रा 500, पाव मात्रा 250 मिलिसेकंद. या मापांना नावे आहेत, ती हातावर मोजता येतात, आणि लयकारी त्यांच्यावरच उभी असते: दुगुण, तिगुण, चौगुण, दीडपटीची आड, सव्वापटीची कुआड, पावणेदोनपटीची बिआड. त्याच्या खालची पातळी साधारण 30 ते 100 मिलिसेकंदांची. एवढ्या अंतराला कोणी ‘पाव मात्रा’ म्हणत नाही, ते लिहिलेही जात नाही, पण ‘हा स्वर जरा मागे ठेवला’ किंवा ‘इथे शब्द पुढून उचलला’ असे जाणकार म्हणतो ते याच अंतराबद्दल. आणखी खाली, दोन आवाजांमधले अंतर 20 मिलिसेकंदांच्याही आत गेले की त्यांतला आधीचा कोणता हे सांगणे माणसाच्या कानाला अवघड होऊ लागते. गाण्याचा डौल ज्याला म्हणतात तो बहुतांशी मधल्या पातळीवर घडतो आणि शिकवताना नेमकी तीच पातळी दुर्लक्षित राहते, कारण ती पाटीवर लिहून दाखवता येत नाही.

भातखंडे पद्धतीचे स्वरलेखन पाहिले तर हे लगेच ध्यानात येते. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या बंदिशी लिहून काढल्या आणि त्यांच्याच मार्गदर्शनाखाली 1918 मध्ये ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्या लेखनात कोणता स्वर कोणत्या मात्रेखाली येतो हे चोख समजते आणि एका मात्रेत दोन किंवा चार स्वर असतील तर तेही कमानीने दाखवता येते. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीत मात्रेच्या अपूर्णांकांसाठी वेगळ्या खुणा आहेत. दोन्ही पद्धतींनी बंदिशी टिकवल्या, हे ऋण मोठे आहे. मात्र मात्रेच्या घरात स्वर उंबऱ्याशी उभा आहे की आत सरकून बसला आहे, हे कागद सांगत नाही आणि ते गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते.

आता एक बारीक गोष्ट, जी समजली तर पुढचे सगळे सोपे होते. स्वर ‘सुरू होतो’ तो क्षण कोणता? तबल्याच्या ‘धा’चा आरंभ धारदार असतो, त्यात शंकेला जागा नाही. गळ्याचे तसे नाही. समजा, समेवर ‘श्याम’ हा शब्द आहे. ‘श्’चा घर्षणाचा आवाज आधी काही काळ चालतो, मग ‘या’ उमलतो, आणि कानाला ते अक्षर ‘पडले’ असे वाटते ते श् सुरू होताना नाही, तर स्वर उघडतो त्याच्या आसपास. त्यामुळे गायकाने श्चा आरंभ ‘धा’बरोबर केला तर सम चुकली नसली तरी मागे पडल्यासारखी वाटते. मुरलेला गायक श्ची फुंकर आधीच्या मात्रेच्या शेपटीत सोडतो आणि ‘आ’कार ‘धा’शी जुळवतो. शब्द ‘बालम’ असेल तर ‘ब’ला एवढी आघाडी लागत नाही, ‘आए’ असेल तर मुळीच नाही. म्हणजे एकाच समेवर येण्यासाठी तीन शब्दांना तीन वेगळ्या वेळी तोंड उघडावे लागते. गायक हे मोजून करत नाही. वर्षानुवर्षे ठेक्यावर बंदिशी घोकून हा अंदाज गळ्यात उतरलेला असतो, आणि नवशिक्याची सम ‘ढिली’ का वाटते याचे एक मोठे कारण इथेच सापडते.

वाद्यांनाही हेच लागू आहे. सारंगीवर गज फिरू लागल्यापासून स्वर भरून येईपर्यंत क्षणभर जातो, म्हणून सारंगियाला हात आधी हलवावा लागतो. सरोदेवर जव्याचा, म्हणजे तार छेडण्याच्या तुकड्याचा, आघात तबल्याइतकाच धारदार असतो, परंतु मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत गेले, की एका स्वराला दोन क्षण मिळतात: एक आघाताचा आणि एक बोट सरकत इच्छित स्वरावर पोहोचण्याचा. आघात मात्रेवर आणि पोहोचणे अर्ध्या मात्रेने पुढे, असे केले तर ठोका पाळूनही स्वर लांबणीवर टाकल्याचा परिणाम साधतो. उलट आघात आधी करून पोहोच मात्रेवर आणली तर स्वर लयीत सहज विसावल्यासारखा वाटतो. ज्या ग्वाल्हेरात सरोदवादक हाफिज अली खाँ यांचे घर आज सरोदघर म्हणून जपले आहे, तिथल्या श्रोत्यांनी सरोद ऐकताना मींडीच्या या दोन टोकांकडे जरूर कान द्यावा.

माणसाचा हात ठोक्याशी कसा वागतो याचाही अभ्यास झालेला आहे. मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर बोट आपटायला सांगितले तर बहुतेक माणसे टकटकीच्या किंचित आधीच आपटतात आणि त्यांना ते बरोबर जुळल्यासारखेच वाटते. संगीताची तालीम घेतलेल्यांमध्ये हे अंतर कमी असते. म्हणजे घाई हा आपला जन्मजात कल आहे. स्वर मागे ठेवणे ही कमावलेली गोष्ट आहे.

ग्वाल्हेर गायकीचा विशेष इथे कळू लागतो. या घराण्यात बड्या ख्यालाची स्थायी आणि अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, सुरुवातीला सलग, पूर्ण आणि स्पष्ट गाण्याची रीत आहे. पुष्कळांना ही केवळ शिस्त वाटते. माझ्या मते तिचे लयीतले प्रयोजन अधिक महत्त्वाचे आहे: बंदिशीतले कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर बसते याची आखणी त्यामुळे श्रोत्याच्या मनात पक्की होते, आणि नंतर गायक तेच अक्षर हलवतो तेव्हा ते कुठून कुठे गेले हे श्रोत्याला न सांगता कळते. शिवाय इथला विलंबित फार संथ नसतो; मात्रेचा धागा कानातून सुटत नाही.

हे जवळून पाहू. मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा, ‘पिया घर’ असा तेराव्या मात्रेपासून उठतो आणि समेवर ‘आए’चा ‘आ’ येतो असे समजा. सरळ म्हटले तर पि, या, घ, र ही चार अक्षरे 13, 14, 15, 16 या चार मात्रांवर बसतात. हे झाले घर. बोलआलापात, म्हणजे बंदिशीच्या शब्दांनी आलाप करताना, गायक तेरावी मात्रा जाऊ देतो, ‘पि’ अर्धी मात्रा उशिरा उचलतो, ‘या’ चौदावीच्या मध्यापासून पंधरावी ओलांडेपर्यंत लांबवतो, तिथे बहलाव्याने स्वर डोलवतो, आणि ‘घर’ ही दोन्ही अक्षरे सोळाव्या मात्रेच्या उत्तरार्धात टाकून ‘आ’ला ‘धा’वर पोहोचतो. सुरुवातीला अर्ध्या मात्रेचा वेळ उसना घेतला होता, तो शेवटी फेडला. श्रोत्याच्या मनात मधल्या वेळी हलकीशी ओढ तयार होते, कारण ‘घर’ यायला हवे होते तिथे ते आलेले नसते, आणि समेवर ती ओढ सुटते. पुढच्या आवर्तनात तोच गायक उलट करील: ‘पिया’ बाराव्या मात्रेतच उचलील, ‘घर’ पंधराव्यापर्यंत संपवील आणि सोळावी मात्रा रिकामी सोडील. त्या मोकळ्या मात्रेत तबल्याचे ‘धिं’ एकटे ऐकू येते आणि नंतरची सम दुप्पट जड वाटते. स्वर तेच, शब्द तेच. बदलली ती फक्त जागा.

कृष्णराव शंकर पंडित यांचे गाणे या दृष्टीने ऐकावे. 1893 ते 1989 असे दीर्घ आयुष्य लाभलेले हे ग्वाल्हेरचे गवई लयकारीसाठी ओळखले जात, आणि त्यांनी 1914 मध्ये स्थापन केलेल्या शंकर गांधर्व विद्यालयाने ती गायकी शहरात पुढे नेली. त्यांच्या गाण्यात बोल मात्रेशी सतत झुंजतात, तरी शब्दाचे वजन हरवत नाही. नवख्याने आधी नुसता ठेका धरून ऐकावे, मग शब्दांकडे वळावे.

इंदूरच्या अमीर खाँ यांनी घेतलेली वाट याच्या अगदी उलट दिशेची आहे, आणि तीही तेवढीच सखोल आहे. त्यांच्या अतिविलंबित झुमऱ्यात 14 मात्रांचे एक आवर्तन मिनिटभराच्या घरात जाते, म्हणजे एक मात्रा चार सेकंदांच्या आसपास पडते. दोन ठोक्यांमधले अंतर दोनेक सेकंदांच्या पलीकडे गेले की माणसाला त्यांच्यातली लय थेट जाणवेनाशी होते. प्रत्येक ठोका सुटा, एकटा वाटू लागतो. म्हणून अशा लयीत तबलजी मात्रेच्या पोटात लहान बोल भरून तिचे भाग ऐकवत राहतो आणि ‘तिरकिट’सारखे बोल नुसती सजावट न राहता मापाचे काम करतात. गायकाचा स्वर तिथे मात्रेपासून किती दूर आहे हे ऐकूच येत नाही. तो त्या बारीक भागांच्या प्रवाहावर तरंगतो आणि फक्त मुखड्याजवळ मात्रेला भेटतो. दोन्ही शहरे आजच्या मध्य प्रदेशातली, दोन्हीकडे मराठी घरांमध्ये गाण्याची आवड पिढ्यान्‌पिढ्या जपलेली, आणि तरी ‘स्वर कुठे ठेवावा’ या प्रश्नाची उत्तरे इतकी वेगळी.

समेच्या बाबतीत तर शास्त्राने जुन्या काळापासून नावे दिली आहेत. शार्ङ्गदेवांच्या तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकरा’त सम, अतीत आणि अनागत असे ग्रह, म्हणजे तालाच्या संदर्भात गाणे सुरू होण्याच्या जागा, येतात. आजच्या हिंदुस्थानी व्यवहारात, गाण्याचा जोर समेच्या आधीच येऊन पडला तर अनागत आणि सम निघून गेल्यावर आला तर अतीत असे म्हणतात. दोन्ही मुद्दाम केलेले असतात. अतीत आला की श्रोत्याची दाद क्षणभर अडते आणि मग दुप्पट जोराने येते. मैफलीत हे डोळ्यांनीही दिसते, कारण अर्धे हात ‘धा’वर पडलेले असतात आणि अर्धे गायकाच्या जोरासाठी थांबलेले असतात.

समेकडे जाण्याचा सर्वांत नेमका मार्ग म्हणजे तिहाई, आणि तिचा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हणायचा आणि मध्ये एकेक मात्रा सोडायची: पाच, एक, पाच, एक, पाच मिळून 17. 16 मात्रांच्या त्रितालाच्या समेपासून सुरुवात केली तर पहिला ‘धा’ पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्यावर आणि तिसरा सतराव्यावर, म्हणजे पुढच्या समेवर येतो. यात पहिला ‘धा’ टाळीवर पडतो, त्यामुळे सगळे सुरळीत वाटते. दुसरा अकराव्यावर, खालीच्या विभागाच्या पोटात पडतो आणि कान डगमगतो. तिसरा कानाला सावरतो. एकच ‘धा’, तीन जागांवर ठेवल्यामुळे तीन अर्थांचा होतो. हीच तिहाई दुगुणीत घेऊन नवव्या मात्रेपासून म्हटली तर काय होते, हे हातावर ताल धरून पाहण्यासारखे आहे: तिन्ही ‘धा’ अनुक्रमे अकराव्या, चौदाव्या आणि सोळावी संपून येणाऱ्या समेवर पडतात.

मात्रेचे दोन भाग नेहमी सारखेच असतात असेही नाही. रंगलेल्या भजनी ठेक्यात मात्रेचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड होतो आणि त्यातून चालीला झोल येतो. जॅझमधला स्विंग याच जातीचा आहे. त्यात लांब-आखूड भागांचे प्रमाण ठरलेले नसते. लय संथ असताना तफावत मोठी असते आणि लय चढत जाईल तसे दोन्ही भाग सारखे होत जातात. व्हिएन्नाच्या वॉल्ट्झमध्ये तीन ठोक्यांपैकी दुसरा किंचित आधी येतो. जॅझ गायिका बिली हॉलिडे गाताना साथीच्या मागे रेंगाळत असे आणि तिची ओळ त्यामुळे बोलल्यासारखी वाटे. आपल्याकडचे याचे जिवंत उदाहरण कीर्तन आहे. तानसेन समारोहाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा परंपरेतली हरिकथा होते. ठेका चालू असताना बुवा गद्यात बोलत राहतात, शब्द ठोक्यांना न जुमानता पुढे धावतात, आणि पदाचा पहिला शब्द मात्र नेमका जागेवर येतो. बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवर स्वर कसा मोकळा होतो आणि पुन्हा कसा बांधला जातो, हे समजून घ्यायला हरिकथेसारखी शाळा नाही.

मग मागे ठेवलेला स्वर आणि चुकून मागे पडलेला स्वर यांत फरक कसा करायचा? मी तीन गोष्टी ऐकतो. जाणूनबुजून हललेला स्वर परत येतो, आणि समेजवळ तरी हिशेब पुरा होतो. तो एका दिशेने हलतो: एका ओळीत मागे ठेवण्याचे ठरले तर अक्षरे मागेच राहतात, कधी पुढे कधी मागे अशी विखुरत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, तो हलताना ठेका हलत नाही. गायक रेंगाळला म्हणून तबलजीही थांबू लागला, तर मागे पडणे असे काही उरतच नाही, नुसती लय ढिली पडते. म्हणूनच जुने गवई तबलजीकडून साधा, भरीव, न डगमगणारा ठेका मागत. पियानोवादक-संगीतकार शोपँच्या शिष्यांनी लिहून ठेवले आहे की पियानोवर डाव्या हाताने लय काटेकोर राखावी आणि उजव्याने मोकळे वाजवावे, असे तो शिकवी. एका माणसाच्या दोन हातांत वाटलेले काम आपल्याकडे दोन माणसांत वाटले आहे, एवढाच फरक.

रियाजाला आता मोबाइलवरचा तबला सहज मिळतो आणि या एका कामासाठी तो चांगला गुरुभाऊ आहे, कारण तो कधीच थांबून घेत नाही. त्रिताल मिनिटाला 60 मात्रांवर लावावा. पाठ असलेल्या मध्यलय बंदिशीची स्थायी आधी चार-पाच वेळा अगदी ठोक्यावर, कोरडी वाटली तरी चालेल अशा बेताने म्हणावी. मग समेचे अक्षर तेवढे जागेवर ठेवून मुखड्याची बाकी अक्षरे अर्धी मात्रा उशिरा उचलावीत. ते साधले की पाव मात्रा. आणि त्यानंतर मोजणे सोडून ‘जरासे मागे’ एवढेच मनात धरून म्हणावे व रेकॉर्ड करून ऐकावे. पहिल्या काही दिवसांत समेचे अक्षरही मागे ओढले जाईल. तसे झाले तर हाताने टाळी-खाली दाखवत म्हणावे, कारण हात ठेक्याबरोबर आणि गळा ठेक्यामागे, अशी फोड शरीरात झाल्याशिवाय हे काम नुसत्या कानाने होत नाही. हे जमू लागल्यावर मात्र यंत्र बाजूला ठेवून माणसाबरोबर बसावे. तबलजी गायकाचा श्वास ऐकतो, मुखडा उचलण्याची चाहूल लागली की शेवटच्या दोन मात्रांत बोल हलके करून वाट देतो, आणि समेचा ‘धा’ तुमच्या आकाराइतका गोल किंवा धारदार करतो. स्वराची जागा ठरवण्याचे अर्धे काम तिथे त्याच्या हातून होते.